पाचांत मोठा कोण?

काचेचा एक पोकळ गोळा आहे, त्रिज्या १० सेंटिमीटर. त्यात नेमका बसेल असा लाकडी ठोकळा करायचा आहे, इतका नेमका की त्याचा प्रत्येक कोपरा काचेला आतून टेकला पाहिजे. सुतारापुढे दोन नमुने आहेत. एकाला बारा पंचकोनी पृष्ठे आहेत, दुसऱ्याला वीस त्रिकोणी. पृष्ठे सगळी सारखी, बाजू सगळ्या सारख्या. गोळ्यातली जास्त जागा कोणता ठोकळा व्यापेल?

वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक हात वीस पृष्ठांच्या बाजूने वर जातात, आणि त्यामागचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. वर्तुळात सहा बाजूंचा बहुभुज काढला तर बरीच जागा मोकळी राहते. बारा बाजूंचा काढला तर कमी राहते. मग गोलातही जास्त पृष्ठांचा ठोकळाच जास्त भरणार. पण हिशेब केला की उत्तर उलटे येते. गोळ्याचे घनफळ ४,१८९ घन सेंटिमीटर आहे. बारा पृष्ठांचा ठोकळा त्यातले २,७८५ घन सेंटिमीटर व्यापतो, म्हणजे ६६.५ टक्के. वीस पृष्ठांचा ठोकळा २,५३६ वरच थांबतो, म्हणजे ६०.५ टक्के.

या दोन आकारांची तुलना फार जुनी आहे. पर्गाच्या अपोलोनियसने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. पुढे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिप्सिक्लीझने तोच विषय नव्याने मांडला, आणि त्याचे लिखाण युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या तेरा पुस्तकांना चौदावे म्हणून जोडले गेले. प्रस्तावनेत तो एक घरगुती आठवण सांगतो. टायर शहराचा बॅसिलिडीझ अलेक्झांड्रियाला आला असताना त्याने आणि हिप्सिक्लीझच्या वडिलांनी मिळून अपोलोनियसचा ग्रंथ तपासला होता. त्यातली मांडणी त्यांना सदोष वाटली, म्हणून दोघांनी ती दुरुस्त केली. नंतर हिप्सिक्लीझच्या हाती अपोलोनियसचेच दुसरे लिखाण आले, आणि त्यात सिद्धता चोख होती. दोन हजार वर्षांपूर्वी एका घरात पाहुणा आणि यजमान गप्पांच्या ओघात बारा आणि वीस पृष्ठांचा हिशेब तपासत बसले होते, हे चित्र गणिताच्या इतिहासात जपून ठेवावे असे आहे.

हे दोन आकार ज्या कुटुंबातले आहेत ते कुटुंब अगदी लहान आहे. प्रत्येक पृष्ठ एकाच मापाचा सुसम बहुभुज असावा, प्रत्येक कोपऱ्यावर तितकीच पृष्ठे एकत्र यावीत आणि आकार कुठेही आत दबलेला नसावा, एवढ्या अटी घातल्या की पाचच आकार उरतात. त्यांना सुसम बहुफलक म्हणतात. पाचच का, हे कागद आणि कात्री घेऊन दहा मिनिटांत पटते. कोपरा तयार व्हायला किमान तीन पृष्ठे लागतात, आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी असावी लागते. बरोबर ३६० झाली तर कागद सपाट पडतो आणि कोपरा उठतच नाही. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून एका कोपऱ्यावर तीन, चार किंवा पाच त्रिकोण चालतात. सहा झाले की सपाट. चौरस तीनच चालतात. सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंश, तीन पंचकोन मिळून ३२४, म्हणून तेही जेमतेम बसतात. षट्कोनाचे तीन कोन मिळून बरोबर ३६० होतात आणि यादी तिथेच संपते.

तीन त्रिकोणांच्या कोपऱ्यातून चतुष्फलक होतो: ४ पृष्ठे, ६ कडा, ४ शिरोबिंदू. चार त्रिकोणांतून अष्टफलक: ८ पृष्ठे, १२ कडा, ६ शिरोबिंदू. पाच त्रिकोणांतून विंशतिफलक: २० पृष्ठे, ३० कडा, १२ शिरोबिंदू. तीन चौरसांचा घन सगळ्यांच्या ओळखीचा: ६ पृष्ठे, १२ कडा, ८ शिरोबिंदू. आणि तीन पंचकोनांतून द्वादशफलक: १२ पृष्ठे, ३० कडा, २० शिरोबिंदू. युक्लिडने तेराव्या पुस्तकात हे पाचही आकार गोलाच्या आत रचून दाखवले, शेवटच्या प्रमेयात त्यांच्या कडांची लांबी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि सहावा आकार असू शकत नाही हे सांगून ग्रंथ पुरा केला. म्हणजे तुलना हाच ‘एलिमेंट्स’चा शेवटचा मुक्काम आहे.

नाव मात्र लागले प्लेटोचे. ‘तिमेअस’ या संवादात त्याने चतुष्फलक अग्नीला, घन पृथ्वीला, अष्टफलक हवेला आणि विंशतिफलक पाण्याला जोडला, द्वादशफलक सगळ्या विश्वाला. जुन्या टीकाकाराने नोंदवल्याप्रमाणे घन, चतुष्फलक आणि द्वादशफलक पायथॅगोरसच्या अनुयायांकडून आले, आणि अष्टफलक व विंशतिफलक थीएटेटसकडून. भूमितीच्या बाजूने पाहिले तर थीएटेटसचे ऋण प्लेटोपेक्षा मोठे आहे.

आता पाचांना एकत्र ठेवून एक साधी मोजणी करावी. प्रत्येक कोपऱ्यावर कोनांची बेरीज ३६० अंशांना किती कमी पडते? घनाच्या कोपऱ्यावर तीन काटकोन, म्हणजे २७०. कमतरता ९० अंश. असे आठ कोपरे, एकूण ७२०. चतुष्फलकाच्या कोपऱ्यावर कमतरता १८० आणि कोपरे चार, पुन्हा ७२०. अष्टफलकाची १२० आणि कोपरे सहा. विंशतिफलकाची ६० आणि कोपरे बारा. द्वादशफलकाची अवघी ३६, पण कोपरे वीस. प्रत्येक वेळी ७२०. ज्याला कोपरे कमी त्याचा प्रत्येक कोपरा अणकुचीदार, ज्याला जास्त त्याचा बोथट, आणि एकूण टोकदारपणा सगळ्यांचा सारखा.

हा नियम देकार्तचा, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला हे नशीबच. देकार्त १६५० मध्ये स्टॉकहोममध्ये वारला. त्याच्या कागदपत्रांची पेटी पॅरिसला आणताना सीन नदीत बुडाली आणि तीन दिवसांनी बाहेर काढण्यात आली. त्या कागदांतली बहुफलकांवरची टिपणे १६७६ मध्ये लाइब्निझने उतरवून घेतली. मूळ टिपण पुढे हरवले. लाइब्निझची नक्कल १८६० च्या सुमारास उजेडात आली. तोवर ऑयलरने १७५० मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याच सत्याची दुसरी बाजू मांडून ती जगप्रसिद्ध केली होती: पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा नेहमी दोनने जास्त भरते. शाळेत आज ऑयलरचे सूत्र शिकवतात. देकार्तचा नियम त्याहून सोपा आहे आणि हाताने मोजून पाहता येतो, तो पाठ्यपुस्तकात हवा होता.

वरची संख्यांची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. घनाला ६ पृष्ठे आणि ८ शिरोबिंदू, अष्टफलकाला ८ पृष्ठे आणि ६ शिरोबिंदू. कडा दोघांनाही १२. द्वादशफलक आणि विंशतिफलक यांच्यातही तीच अदलाबदल, कडा ३०. हा योगायोग नाही. घनाच्या प्रत्येक पृष्ठाचा मध्यबिंदू घेऊन शेजारचे बिंदू जोडले की आत अष्टफलक उभा राहतो. अष्टफलकाशी तेच केले की घन परत मिळतो. द्वादशफलक आणि विंशतिफलक अशीच जोडी. चतुष्फलकाच्या आत मात्र चतुष्फलकच निघतो, तो स्वतःचाच जोडीदार.

जोडीतल्या दोघांत आणखी एक नाते आहे, आणि सुरुवातीच्या कोड्याची मेख तिथेच आहे. कोपऱ्यांना बाहेरून टेकणारा एक गोल असतो आणि पृष्ठांना आतून टेकणारा दुसरा. या दोन गोलांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर जोडीतल्या दोघांचे अगदी सारखे असते. म्हणून १० सेंटिमीटरच्या काचेच्या गोळ्यात द्वादशफलक ठेवा की विंशतिफलक, दोघांचीही पृष्ठे केंद्रापासून सारख्याच अंतरावर येतात: सुमारे ७.९५ सेंटिमीटर. पृष्ठ केंद्रापासून तितकेच दूर आणि त्याचे कोपरे त्याच गोळ्यावर. मग पंचकोनाभोवती काढलेले वर्तुळ आणि त्रिकोणाभोवती काढलेले वर्तुळ एकाच मापाचे असणार हे उघड आहे. ते दोन्हीकडे ६.०७ सेंटिमीटर त्रिज्येचे येते. हिप्सिक्लीझच्या पुस्तकाचा गाभा हाच.

आता कोडे वर्तुळांपुरते उरले. सुसम पंचकोन आपल्या वर्तुळाचा ७५.७ टक्के भाग भरतो, समभुज त्रिकोण फक्त ४१.३ टक्के. बारा पंचकोन मिळून सुमारे ९.०८ वर्तुळांइतके क्षेत्र होते, वीस त्रिकोण मिळून ८.२७ वर्तुळांइतके. संख्या बारा असूनही पंचकोनांचे पारडे जड ठरते. क्षेत्रफळावरून घनफळावर यायला एकच पायरी लागते. ठोकळ्याच्या केंद्रापासून प्रत्येक पृष्ठाकडे एकेक सूची उभी आहे अशी कल्पना केली तर ठोकळा म्हणजे अशा सूचींचा संच होतो. सूचीचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन. उंची सगळ्यांची तीच ७.९५ सेंटिमीटर, म्हणून ज्याचे एकूण पृष्ठफळ जास्त त्याचे घनफळही त्याच प्रमाणात जास्त.

त्या ‘भागिले तीन’लाही भारतीय इतिहास आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये सहा कडांच्या त्रिकोणी सूचीचे घनफळ सांगताना पायाच्या क्षेत्रफळाला उंचीच्या निम्म्याने गुणायला सांगितले. समतल त्रिकोणाचा नियम त्याने एक मिती वर नेला असावा. ते बरोबर नव्हते. ब्रह्मगुप्ताने तिसरा हिस्सा सांगितला, आणि ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी खड्ड्याच्या घनफळाच्या प्रकरणात तोच नियम दिला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाने ज्यांचे नाव जपले आहे तेच हे भास्कराचार्य.

तिसरा हिस्सा खरा की निम्मा, हे साबणाच्या घनाकृती तुकड्यावर सुरीने तपासता येते. घनाचा एक कोपरा धरायचा, तिथून निघणाऱ्या तीन कडांची दुसरी टोके हेरायची आणि त्या तीन टोकांतून जाणारा सरळ काप घ्यायचा. निघालेल्या तुकड्याचे घनफळ घनाच्या एकषष्ठांश असते. एकाआड एक असे चार कोपरे याच रीतीने उडवले की चार षष्ठांश भाग गेला, आणि हातात उरतो नेमका सुसम चतुष्फलक, घनाच्या एकतृतीयांश आकाराचा. त्याच्या सहाही कडा म्हणजे घनाच्या सहा पृष्ठांवरचे एकेक कर्ण. घनात असे दोन चतुष्फलक एकमेकांत घुसलेले बसतात, आणि दोघांचा सामाईक गाभा असतो अष्टफलक. इतकेच नव्हे, द्वादशफलकाच्या वीस कोपऱ्यांतून आठ-आठ निवडून त्यात पाच वेगवेगळे घन बसवता येतात. पाचही आकार असे एकमेकांच्या पोटात दडलेले आहेत.

मग पाचांत मोठा कोण? हे मोजमाप कशाने घ्यायचे यावर ठरते. सगळ्यांची कड १० सेंटिमीटर धरली तर घनाचे घनफळ १,००० घन सेंटिमीटर, चतुष्फलकाचे ११८, अष्टफलकाचे ४७१, विंशतिफलकाचे २,१८२ आणि द्वादशफलकाचे तब्बल ७,६६३. कड तीच असूनही द्वादशफलक चतुष्फलकाच्या ६५ पट. कार्डबोर्डचा संच करताना हे डोळ्यांत भरते: बाकीचे चार आकार टेबलावर मावतात आणि द्वादशफलकासाठी वेगळी जागा करावी लागते.

पण कागद सगळ्यांना सारखा वाटून दिला तर निकाल फिरतो. प्रत्येकासाठी ६०० चौरस सेंटिमीटर कागद, जास्त नाही, कमी नाही. घनात १,००० घन सेंटिमीटर मावतात, चतुष्फलकात ७६०, अष्टफलकात १,०७५, द्वादशफलकात १,२०१ आणि विंशतिफलकात १,२५८. तेवढ्याच कागदाइतक्या पृष्ठफळाच्या गोळ्यात १,३८२ मावतात, म्हणजे त्याच्या सर्वांत जवळ विंशतिफलकच येतो. गोळ्याच्या आत बसवताना मागे पडलेला आकार इथे बाजी मारतो, आणि त्याच वेळी अष्टफलकही घनाच्या पुढे जातो. ‘सर्वांत गोल’ आकार कोणता या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. आतून भरायचे असेल तर द्वादशफलक, कमी पृष्ठफळात जास्त मावायला हवे असेल तर विंशतिफलक.

सर्वांत कमी गोल कोण, यावर मात्र वाद नाही. चतुष्फलक प्रत्येक कसोटीत शेवटचा. काचेच्या गोळ्यात तो जेमतेम १२ टक्के जागा व्यापतो.

त्रिज्यांच्या गुणोत्तरांवर एका तरुणाने सगळी सूर्यमाला तोलून पाहिली होती. १९ जुलै १५९५ रोजी ग्राझ येथे शिकवत असताना योहानेस केप्लरच्या मनात आले की ग्रह सहा आणि त्यांच्यामधल्या फटी पाच. सुसम बहुफलकही पाच. शनी आणि गुरू यांच्या गोलांमध्ये घन, गुरू आणि मंगळामध्ये चतुष्फलक, मंगळ आणि पृथ्वीमध्ये द्वादशफलक, पृथ्वी आणि शुक्रामध्ये विंशतिफलक, शुक्र आणि बुधामध्ये अष्टफलक, असा क्रम लावून त्याने पुढच्याच वर्षी ग्रंथ छापला. काही अंतरे जवळपास जुळत होती. ती पुरेशी जुळत नाहीत हे टायको ब्राहेच्या अचूक निरीक्षणांतून त्याला दिसले, आणि त्याच निरीक्षणांतून लंबवर्तुळी कक्षेचा नियम बाहेर आला. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस सापडल्यावर ‘ग्रह सहाच’ हा पायाच निखळला.

पृष्ठे बाजूला ठेवून नुसत्या कडांचा सांगाडा केला तर तुलनेला नवेच वळण लागते. अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांच्यापासून सांगाडे करायची पद्धत तयार केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती असंख्य मुलांपर्यंत गेली. या पद्धतीने घन बांधला की तो लगेच एका बाजूला कलंडतो, चौरसांचे समभुज चौकोन होतात. द्वादशफलक तर हातात धरवत नाही, पार लोळागोळा होतो. चतुष्फलक, अष्टफलक आणि विंशतिफलक मात्र दाबूनही हलत नाहीत, कारण त्यांची सगळी पृष्ठे त्रिकोणी आहेत आणि त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरून जातो.

मॅक्सवेलने १८६४ मध्ये याचा हिशेब मांडला. प्रत्येक सांध्याला तीन दिशांनी हलायची मोकळीक असते. सगळा सांगाडा एकसंध सरकणे आणि फिरणे यासाठी त्यातल्या सहा सोडून द्यायच्या. उरलेली प्रत्येक मोकळीक बंद करायला एक काडी लागते. म्हणजे शिरोबिंदूंची तिप्पट करून सहा वजा केले की हव्या त्या काड्यांची संख्या मिळते. चतुष्फलकाला ६ हव्यात, आहेत ६. अष्टफलकाला १२ हव्यात, आहेत १२. विंशतिफलकाला ३० हव्यात आणि आहेतही ३०. घनाला १८ हव्यात पण आहेत १२, सहांची उणीव. सहा पृष्ठांवर एकेक तिरपी काडी लावली की तो ताठ उभा राहतो. द्वादशफलकाला ५४ हव्यात आणि आहेत ३०. घनफळात सर्वांत भारी ठरलेला आकार सांगाड्यात सर्वांत लेचापेचा निघतो. नेमके काय कुठे ढिले पडते, ते स्वतः बांधल्याशिवाय कळत नाही. आगपेटी आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांना फारसे पैसेही पडत नाहीत.

निसर्गानेही या पाचांना सारखी वागणूक दिलेली नाही. बारीक मीठ भिंगाखाली धरले की चिमुकले घन दिसतात. तुरटीचे संपृक्त द्रावण वाटीत झाकून, न हलवता ठेवले तर तळाशी अष्टफलक वाढू लागतात. खाणीतून निघणारा कच्चा हिराही बहुधा अष्टफलकच असतो. घन आणि अष्टफलक यांची सममिती एकच आहे, स्वतःवरच जुळून बसतील असे फिरवायचे २४ प्रकार दोघांनाही लागू पडतात, आणि स्फटिकांनाही ही जोडी जणू माहीत असते. मिठाच्या द्रावणात युरिया मिसळला की मीठ घन सोडून अष्टफलकाचे रूप घेते. फ्लोराइटचा खडा वाढतो घनाच्या रूपात आणि फुटतो अष्टफलकाच्या पृष्ठांवरून.

द्वादशफलक आणि विंशतिफलक यांना स्फटिकांच्या राज्यात प्रवेश नव्हता. स्फटिक म्हणजे एकाच नमुन्याची अखंड पुनरावृत्ती, आणि पाचपदरी सममिती अशा पुनरावृत्तीत बसत नाही. पायराइटवर पंचकोनी पृष्ठे दिसतात खरी, पण ते पंचकोन सुसम नसतात. ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत काम करणाऱ्या डॅन शेख्तमन या इस्रायली शास्त्रज्ञाला ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांच्या मिश्रधातूत विंशतिफलकाची सममिती दिसली. लायनस पॉलिंगसारखा दिग्गज शेवटपर्यंत ते मानायला तयार नव्हता. अणूंची रचना शिस्तबद्ध होती, फक्त तिची पुनरावृत्ती होत नव्हती. २०११ मध्ये शेख्तमन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. होल्मियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांच्या अशाच एका मिश्रधातूचे कण आता चक्क नेटक्या द्वादशफलकाच्या रूपात वाढवता येतात.

सजीवांत ही अडचण नाही. विषाणूकडे जनुकीय सामग्री थोडी असते, त्यामुळे कवचासाठी शंभर जातींची प्रथिने बनवणे त्याला परवडत नाही. एकाच नमुन्याच्या प्रती काढून त्या जुळवायच्या, हा स्वस्त मार्ग. क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये हा तर्क मांडला, कॅस्पर आणि क्लग यांनी १९६२ मध्ये त्याची भूमिती लावली. विंशतिफलक स्वतःवर जुळेल असा ६० प्रकारांनी फिरवता येतो. चतुष्फलक फक्त १२. म्हणून एकाच साच्यातले ६० तुकडे अगदी सारख्या जागी बसवायचे असतील तर विंशतिफलकाची सममिती सोयीची पडते. पोलिओच्या विषाणूच्या कवचात चार जातींची प्रथिने आहेत, प्रत्येकाच्या ६० प्रती.

शेवटची कसोटी फटी न ठेवता जागा भरण्याची. ती ठरते दोन पृष्ठांमधल्या कोनावर. घनाचा कोन ९० अंश, चार घन एका कडेभोवती चपखल बसतात. म्हणूनच खोकी एकावर एक रचता येतात. द्वादशफलकाचा ११६.५७ आणि विंशतिफलकाचा १३८.१९, दोन्ही ३६० ला नेमके भागत नाहीत. अष्टफलकाचा १०९.४७ आणि चतुष्फलकाचा ७०.५३; एकेकटे दोघेही अपुरे, पण बेरीज बरोबर १८०. म्हणून एका अष्टफलकामागे दोन चतुष्फलक अशी सांगड घातली की फट उरत नाही, आणि मोठ्या सभागृहांच्या छतांखालच्या पोलादी जाळ्या याच रचनेवर उभ्या असतात.

१०९.४७ हा आकडा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. चतुष्फलकाच्या केंद्रातून चार कोपऱ्यांकडे रेषा काढल्या तर कोणत्याही दोन रेषांमधला कोन तेवढाच येतो. कार्बनचे चार बंध असेच चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात हे व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये, बाविसाव्या वर्षी सांगितले. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेर पडलेले काँक्रीटचे टेट्रापॉड त्याच धाटणीचे आहेत. १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे त्यांची रचना झाली. कसाही पडला तरी तीन पाय खाली आणि एक वर, शिवाय शेजाऱ्यात अडकलेला, त्यामुळे लाटेचा जोर त्यांच्यामधल्या पोकळ्यांत जिरतो.

नुसत्या चतुष्फलकांनी जागा भरते असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. पाच चतुष्फलक एका कडेभोवती लावून पाहिले तर ३५२.६ अंश होतात आणि सात अंशांहून थोडी मोठी फट उघडी राहते. पुठ्ठ्याच्या पाच चतुष्फलकांनी दिसणारी ही फट विद्वानांनी कित्येक शतके मान्यच केली नाही. ग्रंथकाराच्या नावाचा दबदबा डोळ्यांपेक्षा मोठा ठरला. पंधराव्या शतकात रेजिओमॉन्टानसने चूक दाखवून दिली. मग प्रश्न असा उरला: फटी राहणारच असतील, तर जास्तीत जास्त किती दाट रचता येतील? १९०० मध्ये हिल्बर्टने आपल्या प्रसिद्ध प्रश्नांच्या यादीत याचा उल्लेख केला. २००६ मध्ये कॉन्वे आणि टॉर्क्वाटो यांची रचना ७२ टक्क्यांवर अडली होती, म्हणजे सारख्या गोळ्यांच्या ७४ टक्क्यांपेक्षाही विरळ. पुढच्या चार वर्षांत विक्रमामागून विक्रम मोडत गेले, आणि २०१० मध्ये चेन, एंगेल आणि ग्लॉट्झर यांनी ८५.६३ टक्क्यांची रचना दिली. त्याच सुमारास ग्रॅव्हेल, एल्सर आणि कॅलस यांनी वरची मर्यादा सिद्ध केली: रचना किती का दाट असेना, पूर्ण जागेपेक्षा ती निदान इतक्या अंशाने कमी राहणारच. तो अंश लिहायचा तर दशांशचिन्हानंतर चोवीस शून्ये आणि मग २६. खरे उत्तर ८५.६३ टक्के आणि या मर्यादेच्या दरम्यान नेमके कुठे आहे, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.